लेन्सचा कौल

वैष्णवी हैबतरावांच्या पडवीत शिरली आणि बघते तर तिची लेन्स एका परक्या माणसाच्या मांडीवर.

आता खरं सांगायचं तर ती लेन्स अजून तिची झालेली नव्हती. पण मनानं तिनं ती केव्हाच घरी नेली होती. कपाटात तिच्यासाठी खण मोकळा केला होता. ओल धरू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यांत मिळतात त्या पांढऱ्या पुड्या जमवून एका डब्यात भरून ठेवल्या होत्या. राहिलं होतं ते एवढंच, की हैबतरावांकडे जाऊन ‘मी घेते’ म्हणायचं. गणपतीच्या गडबडीत ते राहून गेलं. आज रिपरिपत्या पावसात पिरंगुटहून गावी परतताना स्कूटी दामटत, मुठा खिंड ओलांडून ती आली, तर ही गत.

हैबतराव म्हणजे मुठ्यातलं बडं प्रस्थ. मिशा पांढऱ्या, आवाज पहाडी. साठी उलटली की लोक काशीला जातात; यांनी रस्त्याकडेचा तुकडा विकून कॅमेरा घेतला आणि खोऱ्यातला एकेक पक्षी टिपत हिंडले. आता हात थरथरायला लागले होते, कॅमेरा जुना होऊन बंद पडला होता, आणि उरली होती ती ही लेन्स. हातभर लांब, काळी, चांगली जड. समोरच्या टेकाडावरच्या झाडात बसलेल्या शेकरूच्या मिशा दाखवील अशी.

नवी घेणं वैष्णवीच्या ऐपतीबाहेरचं होतं. आणि लेन्स तर हवीच होती. टेमघरच्या बाजूला शाळेच्या मुलांची जंगल-शिबिरं घेणाऱ्या मेधा मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “तुझी नजर चांगली आहे. स्वतःची मोठी लेन्स असेल तर दिवाळीनंतर आमच्याकडे फोटोग्राफर म्हणून ये.” नसेल, तर मग तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा विलासदादाचा स्टुडिओ, पुन्हा तेच अल्बम. नवरीला गोरी कर, नवरदेवाचं पोट आत घे. या कामाला ती इतकी विटली होती की स्वतःच्या लग्नात फोटोच काढायचे नाहीत असं तिनं आईला बजावून ठेवलं होतं.

“ये वैशे,” हैबतराव म्हणाले. “ह्ये निषाद. मूळ खामगावचं. हितं चांदे गावात खोली घेऊन ऱ्हात्यात, हिंजवडीत कामाला हायेत. लेन्स बघाया आल्यात.”

निषादच्या एका पायात बूट होता, दुसरा जमिनीवर आडवा पडला होता. आलाय की निघालाय, काही कळत नव्हतं. त्यानं वर बघितलं. दारात हेल्मेट घातलेली, ओढणीचं टोक पिळणारी, गुडघ्यापर्यंत चिखल उडालेली एक मुलगी उभी होती आणि त्याच्याकडे अशी बघत होती की जणू त्यानं तिच्या गोठ्यातली गाय सोडलीय.

“आबा, मी तुमाला सांगितलं व्हतं की. लेन्स मला ठिवा म्हनून.”

“सांगितलं व्हतं. पर आलीस कुटं? ह्ये आधी आल्यात.”

“यांना घ्यायचीय?” म्हणत वैष्णवी थेट त्याच्याकडेच वळली. “तुम्हाला नक्की घ्यायचीय?”

निषादनं लेन्सकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा लेन्सकडे. “म्हणजे... हो. घ्यायचीय ना. घ्यायचीच आहे.”

आणि पायातला बूट काढून तो पुन्हा मांडी घालून बसला.

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. एक आधी आलेला, दुसरी गावची, डोळ्यांसमोर वाढलेली. “ही लेन्स म्हंजी माझी लेक हाय,” ते म्हणाले. “लेकीला दोन स्थळं आली, तर बापानं काय करावं? पारखावं. एक रविवार हिच्या हातात, एक रविवार ह्यांच्या. वाघजाईच्या राईत शेकरू हाय, त्याचा फोटू आना. दसऱ्याला बघू.”

“आबा, परक्या माणसाला एकट्याला लेन्स देणार? राईत?”

“म्हनून तर तू संगं जायाचं. आन् तुज्याकडं आसंल तवा ह्यांनी संगं ऱ्हायचं. दोगांची एकमेकांवर नजर.” आतून त्यांची बायको गोजराबाई चहा घेऊन आल्या. पदराआड हसल्या.

•

पहिल्या रविवारी निषाद आला तो बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा नटून. पानापानांचं जाकीट, पानापानांची टोपी, कार्बनचा महागडा ट्रायपॉड. ट्रायपॉडचं डोकं कुठल्या कोनात कसं फिरतं हे तो वाटेत सांगत होता. हा माणूस पाण्याची बाटली घ्यायची तरी सगळी परीक्षणं वाचून घेत असणार, हे वैष्णवीनं तेवढ्यात ओळखलं.

राईच्या तोंडाशी ती थांबली. “चपला-बूट इथं काढायचे.”

“इथं? अहो, पुढे काटे असतील.”

“असतील की. पण वाघजाईच्या राईत पायात काही घालत नाहीत. आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही.”

निषादनं निमूट बूट काढले, मोजे काढले. त्याचे पाय एसीत वाढलेले, मऊ. ओल्या पाल्यावर पहिलंच पाऊल टाकताना तो बिचकला आणि ट्रायपॉडसकट तिच्या अंगावर कलला. तिनं दंड धरून त्याला उभं केलं. जरा जास्तच वेळ धरून ठेवलं की काय, असं तिला नंतर घरी भाकरी थापताना वाटलं.

आत उंचच उंच झाडं, वेलींचे दोरखंड आणि हिरवा काळोख. वरून पाऊस थांबला होता, पण झाडं आपली ठिबकतच होती. निषादनं ट्रायपॉड उभा केला. चिखलात त्याचा एक पाय रुतला, मग दुसरा. वैष्णवीनं पिशवीतून जाड्याभरड्या कापडाची छोटी उशी काढली, आडव्या पडलेल्या खोडावर ठेवली.

“हे काय?”

“उशी. आईनं शिवलीय. आत साळीचं तूस आहे.”

“आपण झोपायला आलोय?”

“लेन्स झोपणार आहे. तुम्ही जागे राहा.”

लेन्स उशीत अशी बसली की हलायचं नाव नाही. निषादनं ट्रायपॉडकडे एक दुःखी नजर टाकली आणि तो गुपचूप मिटला. “यावर मी अख्खा उन्हाळा रिसर्च केला होता,” तो पुटपुटला. वैष्णवीनं ओठ दाबले. हसली असती तर शेकरू पळालं असतं.

खरं म्हणजे शेकरू आलंच नव्हतं. ते आलं पुढच्या रविवारी, उंबराच्या फांदीवर, तांबूस अंगाचं, झुबकेदार शेपटीचं. लेन्स तेव्हा वैष्णवीच्या हातात होती आणि निषाद तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. त्याला शिंक येत होती.

“हलू नकोस,” तिनं दातांतून म्हटलं. “नाक दाब.”

त्यानं नाक दाबलं. तिनं श्वास सोडला, बोट दाबलं. कॅमेऱ्याचा आवाज बंद केलेला होता. राईत फक्त उंबरं कुरतडल्याचा आवाज. शेकरू पोटभर खाऊन, फांदीवरून झेप घेऊन निघून गेलं. मग निषाद दणदणीत शिंकला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की ती त्याला ‘हलू नकोस’ म्हणाली होती.

“म्हणजे... हलू नका,” वैष्णवी म्हणाली.

“आता कशाला? आता तर ते गेलं,” निषाद म्हणाला. “राहू दे तसंच. बरं वाटलं.”

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं लेन्सचं झाकण शोधायला सुरुवात केली. ते तिच्याच हातात होतं.

•

फोटो काढून झाले की दोघं हैबतरावांच्या पडवीत यायचे. गोजराबाई नाचणीची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढायच्या. निषाद पहिल्यांदा जपून, मग बोटं चाटत जेवायचा. जेवणं झाली की तो लॅपटॉप उघडायचा आणि दोघं फोटो बघायला बसायचे.

वैष्णवीनं पहिला फोटो घरून नीट करून आणला होता. निषाद तो बराच वेळ बघत राहिला. मान डावीकडे करून, मग उजवीकडे करून.

“वैष्णवी, एक विचारू? राग येणार नाही ना?”

“विचार.”

“तू शेकरूचं फेशियल केलंस काय?”

ती चिडून पुढे वाकली आणि बघते तर खरंच. हाताला वळण पडलेलं. तिनं नकळत शेकरूचा चेहरा उजळला होता, गालांवरचे केस गुळगुळीत केले होते, डोळ्यांत चमक घातली होती. मेहंदी काढायची तेवढी राहिली होती. ती हसायला लागली. तो हसायला लागला. हैबतराव उठून आले, फोटो बघून म्हणाले, “हिला बगायला पावनं कवा यायचंत?” तेव्हा तर दोघांची हसून मुरकुंडी वळली.

“आणि तुझ्याकडे हिरवं एवढं हिरवं का?” तिनं त्याच्या फोटोवर उट्टं काढलं. “मुळशी आहे ही. प्लॅस्टिकची झाडं नाहीत.”

“मोबाइलवर छान दिसतं.”

“मोबाइलवर सगळंच छान दिसतं. राईत बसलास ना? तिथं हिरवं असं होतं?”

त्यानं हिरवा उतरवला. उतरवत राहिला, ती ‘अजून’ म्हणत राहिली, आणि मग एका क्षणी पडद्यावर तीच पहाट आली, तीच ओल, तोच अर्धा काळोख. 

पुढच्या खेपेला त्यानं एक चिमुकलं यंत्र आणलं. तिच्या स्टुडिओतून आलेल्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते कोळ्यासारखं लटकवायचं, म्हणजे रंग खरे दिसायला लागतात म्हणे. “तुझा पडदा मुळात लालसर आहे. लग्नाच्या फोटोंसाठी कुणीतरी मुद्दाम तसा ठेवलाय. म्हणून तुझं शेकरू तुला फिकं वाटतं आणि तू त्याला रंगवत बसतेस. चूक तुझी नाही.”

यंत्र लागलं. पडदा लाल झाला, मग निळा, मग पिवळा. बाहेर पावसाची सर आली होती, पडवीत अंधारून आलं होतं. वैष्णवीनं पडद्याकडे बघायचं, तर ती निषादच्या चेहऱ्याकडे बघत होती. लाल निषाद, निळा निषाद, पिवळा निषाद. कुठल्याच रंगात तो वाईट दिसत नव्हता, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही.

कारण हा माणूस तिची लेन्स न्यायला आला होता. तो हरला तर ती जंगलात, तो जिंकला तर ती पुन्हा नवऱ्यांची पोटं आत घ्यायला. याचं काहीतरी बिनसावं, याचा फोटो हलावा असं तिला वाटायला हवं होतं. वाटायचंही — सोमवार ते शुक्रवार. शनिवारपासून मात्र ती खिंडीकडे कान लावून बसायची. ज्याच्या हरण्याची वाट बघायची, त्याच्या येण्याची वाट बघायला लागली होती. इतकंच नाही, तर त्याच्या पाळीच्या रविवारी तीच त्याच्या शेजारी बसून कुजबुजायची, “खांदा सैल सोड. श्वास सोड... आता दाब.” स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा मारून घेण्यातला हा प्रकार होता. कळत होतं, पण तो एवढा मन लावून ऐकायचा, की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही.

“तुला लेन्स मिळाली तर काय करणार?” एकदा तिनं विचारलंच.

निषाद भातखाचरांकडे बघत होता. लोंब्या भरायला लागल्या होत्या. बांधावर सोनकी फुलली होती.

“तुला मिळाली तर तू काय करणार, ते सांग आधी.”

तिनं मेधा मॅडमचं सांगितलं, शिबिराचं सांगितलं, विलासदादाच्या अल्बमांचं सांगितलं. तो ऐकता ऐकता गंभीर झाला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, “वैष्णवी, मला एक...” आणि मग म्हणाला, “पुढच्या रविवारी सांगतो.”

पुढच्या रविवारी त्यानं काहीच सांगितलं नाही. फोटो मात्र असा काढला, की हैबतरावांनी चष्मा दोनदा पुसला. भुरभुरत्या पावसात शेकरू फांदीवर लांब पसरलेलं, चारी पाय सोडून दिलेले, शेपटी खाली लोंबतेय, डोळे मिटलेले. वैष्णवीचा होता तो उंबर खाणाऱ्या शेकरूचा — दोन्ही हातांत फळ धरलेलं, मिशीवर पाण्याचा एकच थेंब. चेहरा आता जसाच्या तसा.

हैबतराव एकदा हा बघत, एकदा तो. गोजराबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “दोनी ग्वाड हायेत.” घरात नवरात्राचे घट बसलेले. हैबतराव हात जोडून उठले. “मला न्हाई ठरवता येत. दसऱ्याला घट उठलं की वाघजाईला कौल लावू. ती सांगंल त्याची लेन्स.”

•

दसऱ्याला पाऊस पार उघडला. राईतल्या देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. लेन्स पाटावर, झेंडूच्या माळेत. आदल्या दिवशी खंडेनवमीला कोयत्या-कुदळींबरोबर तिचीही पूजा झाली होती आणि गोजराबाईंना काचेवर हळदकुंकू वाहण्यापासून रोखताना वैष्णवीच्या नाकी नऊ आले होते.

ती गळ्यात कॅमेरा अडकवून उभी होती. कॅमेरा तिनं का आणला होता, हे तिचं तिलाच ठाऊक. कौल झाला की लेन्स लगेच लावून बघायची होती. निषाद समोर, पांढऱ्या सदऱ्यात, पाय अनवाणी. आज तो तिच्याकडे बघत नव्हता. रात्रभर झोपला नसावा असा दिसत होता.

गेणबा गुरवानं शेंदूर फासलेल्या तांदळ्याला, म्हणजे देवीच्या दगडाला, पाणी घातलं आणि ओल्या दगडावर दोन कळ्या चिकटवल्या. “उजवी वैष्णवीची. डावी पावन्याची. जी आदी पडंल, तिचा कौल. आन् आता समद्यांनी ऐका. कौल लागला की मागं घ्यायचा न्हाई. आईनं दिलेली वस्तू इकायची न्हाई, दुसऱ्याच्या घरात द्यायची न्हाई. ज्याला दिली त्याच्या घरातच ऱ्हायली पायजे. कबूल?”

“कबूल,” हैबतराव म्हणाले.

“कबूल,” वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

आता निषादची पाळी होती. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“एक मिनिट थांबा,” तो म्हणाला. “देवासमोर खोटं नाही चालायचं. ही लेन्स... ही लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही.”

“बसत न्हाई म्हंजी?” हैबतराव म्हणाले. “दर रविवारी बसत व्हती की.”

“तो कॅमेरा माझ्या ऑफिसातल्या मित्राचा. पियूषचा. मागून आणत होतो. माझा स्वतःचा दुसऱ्या कंपनीचा आहे. त्याला ही बसत नाही, मधे घालायचा जोडही मिळत नाही.”

“मंग घ्यायाला कशापायी आला व्हतास?”

“पहिल्या दिवशी तुम्ही चहा सांगायला आत गेलात ना, तेव्हा लावून बघितली. बसेना. मी परत निघालो होतो, बूट घालत होतो. तेवढ्यात ही आली.”

ही! परक्या मुलीला चारचौघांत ‘ही’ म्हटलं की मुठ्यातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. वैष्णवीचा चेहरा शेंदराहून लाल झाला.

“म्हणून मी माघार घेतो,” निषाद म्हणाला. “लेन्स वैष्णवीची.”

“बाबा रं,” गेणबा गुरव शांतपणे म्हणाला, “कळ्या लागल्या. लागलेला कौल आता मानसाला काडता येत न्हाई.”

आणि सगळ्यांच्या देखत डावी कळी अलगद सुटली आणि खाली पडली.

 वैष्णवीनं त्या कळीकडे पाहिलं. उजवी तिथंच चिकटून होती, हट्टी पोरासारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुणाला दिसायच्या आत ती वळली आणि पायऱ्या उतरून तरातरा चालायला लागली.

निषाद तिच्यामागे धावला. लेन्स त्याच्या हातात होती. हैबतरावांनी ती घाईघाईनं, माळेसकट त्याच्या छातीशी दिली होती.

“वैष्णवी, थांब. ऐक तरी.”

“काय ऐकू?” ती गर्रकन वळली. “माजा जीव टांगणीला लागलाय हितं, आन् तू मज्जा बगत व्हतास व्हय? तुला लागतच न्हाई ती वस्तू. लागत न्हाई आन् तुलाच मिळाली. मी मॅडमना काय सांगू आता?”

“चिडलीस की तुझी भाषा किती...”

“निषाद.”

“बरं. नाही बोलत.” तो धापा टाकत होता. “मी दर रविवारी ठरवून यायचो, आज सांगायचं. पण सांगितलं की पुढचा रविवार संपला. मग ठरवलं, निदान फोटो तरी वाईट काढू, म्हणजे लेन्स तुलाच मिळेल. तर तू शेजारी बसून कानात सांगायचीस — खांदा सोड, श्वास सोड, आता दाब. अन् मी दाबायचो. काऊन चांगला येणार नाही फोटो? तूच सांग.”

वैष्णवीला हसायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि झाडाकडे बघितलं.

“मला शेकरू आवडतं,” तो हळूच म्हणाला. “लेन्सही आवडते. पण रविवारी पहाटे चांद्याहून मी त्यांच्यासाठी निघत नव्हतो. मला तू आवडतेस. खूप. हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं... पण पहिल्याच दिवशी कोण सांगतं?”

राईत कुठंतरी वर पानं सळसळली. शेकरू असेल, नसेल. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. तिचं काळीज एवढं धडधडत होतं, की या हातांनी आज एकही फोटो स्थिर आला नसता. राग तर होताच, अजून चांगला गरम होता. पण त्याच्या बुडाशी एक वेडा आनंद उकळ्या मारत होता आणि तो काही केल्या झाकला जात नव्हता.

“ही घे,” निषादनं लेन्स पुढे केली. “तुझीच आहे.”

तिचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. “घेता येत नाही. ऐकलंस ना? दुसऱ्याच्या घरात द्यायची नाही.”

“मग?”

“मग काय. ठेव तुझ्या कपाटात.”

“माझ्या कॅमेऱ्याला बसत नाही, अन् तुला देता येत नाही.” निषादनं डोकं खाजवलं. सॉफ्टवेअरवाला माणूस, त्याला प्रत्येक गाठ सोडवायची सवय. “काहीतरी वाट असेल ना.”

“वाट हाय की,” मागून आवाज आला. गोजराबाई आपट्याची पानं घेऊन पायऱ्या उतरत होत्या. त्यांच्या मागे, ऐकू येईल पण ऐकतोय असं दिसणार नाही इतक्या अंतरावर, अर्धं गाव होतं. गोजराबाईंनी एकेक पान दोघांच्या हातावर ठेवलं. “आईनं घरात ठिवा म्हनून सांगितलंय. घरं किती आसावीत, त्ये कुटं सांगितलंय? एक करा की.”

निषाद लाजून लाल झाला. वैष्णवीला वाटलं, ही गोजराबाई आजवर पदराआड हसत होती ती उगीच नव्हे. तिनं हातातलं पान बघितलं, मग निषादला.  तो फक्त वाट बघत होता — खांदे सैल सोडून, श्वास मात्र रोखून.

वैष्णवीनं त्याच्या हातावर आपलं सोनं ठेवलं. मग गळ्यातला कॅमेरा पुढे ओढला, तोंडावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, “धर नीट. हलू नकोस.”

त्यानं लेन्स दोन्ही हातांनी धरली. तिनं कॅमेरा लेन्सला भिडवला, हलकेच फिरवला. कट् असा आवाज झाला. आता लेन्स त्याच्या हातात होती आणि कॅमेरा तिच्या, आणि दोघांपैकी कुणालाही आधी सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. मेधा मॅडम. दसऱ्याच्या शुभेच्छा देऊन त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. वैष्णवी एका हातानं फोन कानाशी धरून ऐकत होती आणि निषादकडे बघत होती.

“हो मॅडम. येते ना दिवाळीनंतर. हो, आहे लेन्स.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वैष्णवी जरा थांबली. तिच्या गालावर खळी पडली.

“स्वतःची म्हणजे... घरचीच आहे, मॅडम.”

निषादच्या हातातली लेन्स इतकी हलली, की तिला फोन ठेवून दोन्ही हातांनी ती सावरावी लागली.